किलोमीटरला पन्नास रुपये

बूट काढा. मोजेही. तुमचे दोन्ही पाय एकाच मापाचे आहेत आणि आपण निघालोय तिथं ते चालणार नाही. फोन टेबलावरच राहू द्या, तिकडे तो कुणाशीच बोलणार नाही. नोटा घेणार असाल तर जुन्या शोधा. दहाची ती चॉकलेटी नोट पुढं केलीत तर चहावाला तिच्याकडे एकदा बघेल, तुमच्याकडे एकदा बघेल आणि पोलिसाला हाक मारेल.

झालं? आता तुम्ही चाळिशीतले एक गृहस्थ आहात. बाई असाल तर आजच्यापुरते मामा व्हा, कारण सोबत कॉलेजात जाणारा भाचा आहे आणि तो तुम्हाला मामाच म्हणणार. राहता डोंबिवलीत, नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत. दोन वर्षांचे असताना ताप भरला, गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि उजवा पाय लुळा पडला, असं आई अजूनही सांगते. पोलिओचा विषाणू अंगात आधीच शिरलेला असला, तर ज्या पायाला सुई टोचली त्यालाच फटका बसण्याचा धोका वाढतो, हे तिला कुणी कधी समजावलं नाही. थेंब तेव्हा खेड्यापर्यंत पोचले नव्हते.

त्या पायाला हात लावून बघा. गार लागला ना? मे महिन्यातही तो गारच असतो. मांडी तुमच्या दंडाएवढी आहे. आता एक चिमटा काढा. कळवळलात! बहुतेकांना वाटतं, पाय गेला म्हणजे त्यातलं दुखणंही गेलं. पोलिओ स्नायूंचा जोर नेतो, जाणीव जागच्या जागी ठेवतो. येत्या काही तासांत त्या जाणिवेशी तुमची चांगली ओळख होणार आहे.

मांडीला पावडर लावा, सढळ हातानं. मग लांब सुती मोजा, त्यावर कॅलिपर. पायाच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, मांडीला चामड्याचा पट्टा, पोटरीला दुसरा, गुडघ्यावर गादीचा तुकडा, आणि खाली पट्ट्यांची टोकं थेट बुटाच्या टाचेत बसवलेली. बिजागरीत काल रात्री शिलाई मशीनचं तेल सोडलंय, तरी ती कुरकुरणारच. उजवा बूट डाव्यापेक्षा दोन नंबर लहान आणि तळ जाड. दुकानदार जोड तोडून देत नाही, म्हणून तुम्ही दर वेळी दोन जोड विकत घेता आणि दोन बूट कपाटात तसेच कोरे पडून राहतात. उभे राहा. गुडघ्याच्या दोन्ही कड्या खाली घसरल्या, टक्. कुलूप लागलं. आता हा गुडघा वाकणार नाही. बसायचं झालं तर वाकून दोन्ही कड्या बोटांनी वर उचलायच्या आणि मगच बसायचं. लोक धपकन बसतात, तेव्हा तुम्हाला त्यांचा थोडा हेवा वाटतो.

डाव्या हातात कुबडी, कोपराला कडं असलेली. तिच्या टोकाचं रबर परवाच बदललंय. खांद्याला शबनम. तिच्यात पाण्याची बाटली, पंचा आणि एक पावतीपुस्तक. चला.

तारीख 15 फेब्रुवारी 2004, वार रविवार. डोंबिवली स्टेशनवर अंधार आहे आणि चहाच्या पहिल्या आधणाचा वास आहे. लोकल येते, पिवळ्या-तपकिरी रंगाची, दारं सताड उघडी. अपंगांचा डबा नेमका कुठं थांबतो, ते तुम्हाला फलाटाच्या फरशीवरून कळतं. अडचण एकच. फलाट आणि डबा यांच्यात एक पायरी जाईल एवढी उंची आहे आणि तुमचा उजवा गुडघा पायरी मानत नाही. आतून एक हात पुढं येतो, तुम्ही दांडा पकडता, डावा पाय वर, मग उजव्याला मागून ओढून घ्यायचं. आत नेहमीची मंडळी आहेत. उदबत्त्या विकणारे एक अंध गृहस्थ आवाजावरून तुम्हाला ओळखतात आणि विचारतात, "आज रविवारी कुठं?" कोपऱ्यात एक धडधाकट तरुण मान खाली घालून झोपेचं सोंग करतोय. त्याला उठवायचं काम पुढच्या स्टेशनावर चढणाऱ्या बाई करतील. त्यांचा आवाज डब्यात प्रसिद्ध आहे.

"मॅरेथॉनला," तुम्ही सांगता.

डबा हसतो. त्या हसण्यात कुचेष्टा नाही, उलट मजा आहे. कल्याणहून आलेले कुबडीवाले काका विचारतात, "किती?" तुम्ही सांगता की लांबची बेचाळीस किलोमीटरची वेगळी, आपली हौशी लोकांची छोटी, सहा-सात किलोमीटरची. ड्रीम रन म्हणतात तिला. काका म्हणतात, "अरे, म्हणजे स्टेशनपासून माझं घर सात वेळा."

पावतीपुस्तकाचं आता सांगून टाकतो. जव्हारच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे, त्याच्या पुस्तकांसाठी तुम्ही पैसे गोळा करताय. तुमच्या पायाचा आणि वसतिगृहाचा काडीचाही संबंध नाही. त्या मुली खणखणीत धावतात, तुमच्यापेक्षा तर नक्कीच. कचेरीत कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. अकाउंट्समधल्या काकांनी मात्र किलोमीटरला पन्नास रुपये कबूल केले. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. तुम्ही फार तर एक किलोमीटर जाल असा त्यांचा हिशोब होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. उदार माणसाचा चेहरा मला इतका निवांत कधी दिसलेला नाही.

सीएसटीला उतरलात की पहिला धक्का कानांना बसतो. हॉर्न नाहीत. स्टेशनासमोरचा तो रस्ता, जिथं एरवी बस, टॅक्सी आणि हातगाड्या एकमेकांच्या अंगावर जातात, तो आज नुसता डांबराचा पट्टा आहे आणि त्यावर माणसं. रोज तो ओलांडायला तुम्हाला भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतराव्या लागतात, उतरून पुन्हा चढाव्या लागतात, कठडा धरून, एकेक पायरी, मागून येणाऱ्यांचे उसासे ऐकत. आज सपाट जमिनीवरून सरळ चालत पलीकडे जाता. कुणी अडवत नाही. अर्ध्यात उभे राहून महापालिकेच्या इमारतीकडे मान वर करून बघताही. रोज या शहरात येऊन तिचा घुमट तुम्ही पहिल्यांदाच रस्त्याच्या मधून बघताय.

गर्दीत शिरा. नव्या टी-शर्टांच्या रंगाचा वास, त्यावर वेदनाशामक स्प्रेचा झणका, केळी, घाम आणि कबुतरं. एका बँकेची शंभर माणसं एकाच रंगात. एका शाळेचा बँड. ढोल-ताशाचं एक पथक, ज्याला ही मिरवणूक नाही हे कुणी सांगितलेलं नाही. एक जण रावण होऊन आलाय आणि त्याची दहा डोकी दोन्ही बाजूंच्या लोकांना लागताहेत. कुणी तरी नट आला म्हणून अख्खी गर्दी डावीकडे कलंडते. तुम्ही लगेच कुबडी रोवून भाच्याच्या खांद्याला धरता. गर्दीची अशी एक लाट तुम्हाला आडवं करायला पुरेशी आहे, आणि आडवं झाल्यावर कुलूप लागलेल्या गुडघ्यानं उठणं ही स्वतंत्र कसरत आहे. भाचा हातातल्या नोकियावरून घरी मिस्ड कॉल देतो. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पडलो, असं ठरलंय.

सुरुवातीचा भोंगा वाजला. पुढचे धावले, मधले उड्या मारत राहिले, तुमच्यापाशी येईस्तोवर ती शर्यत म्हणजे रांग झाली होती. बरंच झालं.

चालायचं कसं ते लक्षात घ्या. उजवा खुबा वर उचला, ताठ पाय बाजूनं कमानीत फिरवून पुढं टाका, कुबडी टेका, वजन त्या दोघांवर सोपवा, मग डावा पाय. खांदा, खुबा, तळहात, पुन्हा खांदा. दहा पावलांत लय सापडते. आणि रस्त्याच्या मधून चला. कडेनं नको. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. तुमच्या मित्रांना तो उतार जन्मात कळला नसेल, तुमच्या कमरेला मात्र दुसऱ्याच मिनिटाला कळतो. रस्त्याचा मध्य तेवढा सपाट असतो, आणि एरवी तिथं पाऊल ठेवायची तुमची काय बिशाद! दादाभाई नौरोजी रस्त्याच्या अगदी मधोमध, कमानींच्या दोन ओळींमधून, बंद शटरांना साक्षी ठेवून तुम्ही चाललाय. पदपथावरच्या फुटक्या फरशा, उघडी गटारं, फेरीवाल्यांच्या ताडपत्र्यांच्या दोऱ्या हे सगळं कडेला राहिलंय. हुतात्मा चौकात पोचेपर्यंत तुमच्या लक्षात येतं, की आपण अजून एकदाही खाली बघितलेलं नाही.

बघायला हवं होतं. पाणपोईच्या पुढं रस्ताभर रिकाम्या बाटल्या, संत्र्याच्या साली, सांडलेलं ग्लुकोजचं पाणी. धावणाऱ्याला त्याचं काही नाही. कुबडीचं रबर ओल्या डांबरावर सटकन सरकतं आणि तुमच्या पोटात खड्डा पडतो. भाचा पुढं होऊन पायानं बाटल्या बाजूला सारू लागतो. तीन स्वयंसेवक मुली ते बघतात आणि त्याही सारू लागतात, हसत हसत. मग त्या जोरजोरात टाळ्या वाजवायला लागतात. "कमॉन अंकल! कमॉन!"

या टाळ्यांचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा. मला त्या अर्ध्या आवडतात. माणसं मनापासून वाजवतात, हे खरं. पण मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा वाजतात त्या जातीच्या त्या टाळ्या आहेत, आणि तुम्ही गेली चाळीस वर्षं चालताय. रोज डोंबिवली ते फोर्ट चालताय. मंगळवारी सकाळी, पावसात, सव्वानऊच्या गर्दीत भुयारी मार्गाच्या पायऱ्या चढताना कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि खरं तर ती चाल आजच्यापेक्षा कितीतरी अवघड असते. एक छायाचित्रकार तुमच्यासमोर गुडघ्यावर बसतो, कॅमेरा लावतो. तुम्ही केस सारखे करता. त्याचा कॅमेरा तुमच्या बुटावर रोखलेला आहे.

चर्चगेट ओलांडलं की आधी वास येतो. ओहोटी लागली की सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवरून येतो तो खारट, कुजका, आपलासा वास. मग घोड्यांच्या लिदीचा, व्हिक्टोरियावाल्यांचा. मग एकदम उजेड. मरीन ड्राइव्ह. आणि ऊन. फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईचं ऊन अजून रागावत नाही, पण टोचायला लागलेलं असतं. (पुढच्या वर्षीपासून ही शर्यत जानेवारीत नेली. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.) पोलादी पट्टी तापते. मांडीच्या पट्ट्याखाली पावडरीचा चिखल झालाय. तळहाताला अंगठ्याच्या मुळाशी फोड आलाय आणि डावी, चांगली मांडी थरथरतेय, कारण दोघांचं काम ती एकटी करतेय. रस्ता इथं सिमेंटचा, 1940च्या आसपासचा. दर काही पावलांवर दोन लाद्यांच्या मधला सांधा. कुबडी लादीवर टक्, सांध्यावर ठक्.

"मामा, बसायचं का जरा कठड्यावर?"

"बसलो की कुलूप उघडलं. उघडलं की पुन्हा लावायला मन होणार नाही. पाणी दे."

उभ्यानंच पाणी पिता. शेजारून चालणारे एक निवृत्त गृहस्थ तुमच्या चालीशी चाल जुळवून घेतात. ते पायाबद्दल काही विचारत नाहीत. गेल्या महिन्यात सिडनीला सचिननं नाबाद 241 कशा काढल्या, कव्हर ड्राइव्हला हातही न लावता, हे ते तुम्हाला समजावून सांगतात. चेंडू ऑफला आला की सोडून द्यायचा, पायांवर आला की मारायचा. "आपला आवडता फटका दिवसभर खिशात ठेवायचा म्हणजे बघा!" संपूर्ण वाटेत तुमच्याशी नीट बोललेला हा पहिला माणूस. त्यांना निरोप देताना तुम्हाला खरंच वाईट वाटतं.

मध्येच पलीकडून लांबच्या शर्यतीतली माणसं परतताना दिसतात. त्यांच्या पावलांचा आवाज येतच नाही. दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रमाला त्या दिवशी जिंकला. त्याच वर्षी पुढं त्यानं न्यूयॉर्कही मारलं. तुमचं एक पाऊल पडेपर्यंत त्याची किती पडली असतील, याचा हिशोब भाचा करायला घेतो आणि सोडून देतो.

आता एक बाई येतात. साठीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, सकाळच्या फेरीला निघालेल्या. तुम्हाला बघून त्या थांबतात, कनवाळू नजरेनं वरपासून खालपर्यंत बघतात, कमरेची पुरचुंडी सोडतात आणि कुबडी धरलेल्या तुमच्या मुठीत बोटं सारून एक नोट कोंबतात.

"घ्या हो भाऊ. काहीतरी खाऊन घ्या."

दहा रुपये. छातीवर शर्यतीचा नंबर, अंगात नवा टी-शर्ट, आणि दहा रुपये. भाचा कानापर्यंत लाल होतो. तुम्हीही व्हायला हरकत नाही, तुमचा तो हक्क आहे. पण तुम्ही कचेरीतला माणूस आहात.

"थांबा हं ताई, पावती देतो."

"पावती?"

भाच्याला वळायला सांगता. त्याच्या पाठीवर पुस्तक ठेवून, कुबडी काखेत धरून लिहिता. "नाव काय लिहू?" बाई गोंधळून नाव सांगतात, आडनावासकट. रुपये अक्षरी दहा फक्त. वसतिगृहाचं सांगता, जव्हारचं, पुस्तकांचं. त्या तुमच्याकडे बघतात, पायाकडे, पुस्तकाकडे, पुन्हा तुमच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जागा बदलतंय. पावती हातात घेऊन त्या ती नीट वाचतात आणि म्हणतात, "यावर शिक्का कुठंय?"

त्या क्षणी त्या तुम्हाला फार आवडतात. दया गेली, चौकशी आली. तुम्ही सांगता, शिक्का संस्थेत मारतात, पत्ता वर छापलाय. "फिरायला येताना मी जास्त पैसे आणत नाही," त्या जरा घुश्शातच म्हणतात आणि पावतीची चौकोनी घडी घालून पुरचुंडीत ठेवतात.

परतीच्या वाटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती दुखते. मागून एक रुग्णवाहिका तुमच्या वेगानं सरपटत येतेय आणि तिचा चालक थोड्या थोड्या वेळानं खिडकीतून विचारतोय, "बसता का?" रावण कडेला बसून केळं खातोय, डोकी शेजारी ठेवून. तुमच्या मागं स्वयंसेवक अडथळे उचलायला लागलेत, झाडूवाल्या रस्ता झाडायला लागल्यात. तुमच्या पुढं शर्यत आहे आणि तुमच्या पाठीमागं रविवार. मेट्रो दिसतं, अजून एकाच पडद्याचं थिएटर, बाहेर मोठ्ठं पोस्टर. शेवटच्या पट्ट्यात हवालदार हात हलवतोय, "चला साहेब, चला, गाड्या सोडायच्यात." वाटेतल्या सगळ्या टाळ्यांपेक्षा हे बरं वाटतं. तो सगळ्यांनाच असं ओरडतोय.

रेषा ओलांडता. कुणी तरी हातात केळं आणि बिस्किटाचा पुडा देतं. आझाद मैदानाच्या कुंपणाशी टेकून वाकता, कड्या वर उचलता, गुडघा सुटतो आणि तुम्ही मातीत बसता. धपकन. भाचा नोकिया काढून एकच मिस्ड कॉल देतो. तोवर रस्त्यावर पहिली टॅक्सी आलीय, तिच्या मागं दुसरी, मग बेस्टची लाल बस, आणि हॉर्न. पुन्हा उभे राहाल तेव्हा रस्त्याचा मध्य तुमचा राहिलेला नसेल. स्टेशनात जायला भुयारी मार्गाच्या पायऱ्या आहेतच, आणि पुढं मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक.

तुम्हाला इथूनच परत आणलं असतं, पण अजून वसुली राहिलीय. म्हणून सोमवारपर्यंत थांबा.

सोमवारी कचेरीत तळहाताला पट्टी आहे, डावी मांडी जिन्यावर शिव्या देतेय, आणि चहाच्या वेळी अकाउंट्समधले काका वर्तमानपत्र घेऊन येतात. त्यात मार्गाचा नकाशा छापलाय. काकांच्या हातात दोरा आहे.

"किती झाले म्हणतोस?"

"सात धरा."

"इथं तर सहा भरतात." दोरा सीएसटीवरून निघतो, चर्चगेटला वळतो, मरीन ड्राइव्हवर सैल पडतो. सगळा विभाग भोवती जमलाय. कुणी म्हणतं, वळणं धरली नाहीत. कुणी म्हणतं, याचा पाय कमानीत फिरतो, म्हणजे अंतर वाढतंच की. काका या मुद्द्यावर खरोखर विचार करतात. मग पावतीपुस्तक मागून घेतात, पानं उलटतात, दहा रुपयांच्या पावतीशी थांबतात. "ही कुणाची?"

"वाटेत भेटल्या एक."

"हं." काका पाकीट काढतात, तिघांना दिसेल असं उघडतात, नोटा मोजतात आणि पुन्हा मोजतात. "साडेसहा धरू. तीनशे पंचवीस. आणि तारीख कालची घाल. चाललास काल."

"पावतीवर पैसे दिल्याची तारीख घालतात, काका," तुम्ही म्हणता. "तुम्हीच शिकवलंय."

सगळा विभाग हसतो. काका पाकीट बंद करता करता पुन्हा उघडतात आणि पंचवीस सुटे आहेत का विचारतात, नसतील तर मग साडेतीनशेच द्यावे लागतील.